गुन्हा वीस मिनिटांत : प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

खोकं घरी आलं. वीसेक डबे, बहुतेक सुपर ८, थोडे जुने स्टँडर्ड ८ (दोन्ही आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्म), आणि एकच रीळ १६ मिलिमीटरचं. विकणाऱ्या बाईंच्या सासऱ्यांचा संग्रह. त्यांना फक्त गोळीबार आवडायचा, असं बाई म्हणाल्या, आणि डबे बघता ते खरंच वाटतं. एकही विनोदी सिनेमा नाही, भुताचा नाही, लहान मुलांचा नाही. सगळे गुंड, दरोडेखोर, पोलीस आणि खून.

प्रकल्प काय आहे ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी अमेरिकेत आणि युरोपात गाजलेल्या सिनेमांच्या कापून आखूड केलेल्या प्रती घरगुती प्रोजेक्टरसाठी दुकानात मिळत. दीड तासाचा सिनेमा दहा नाहीतर वीस मिनिटांत. जमवणारे लोक त्यांना डायजेस्ट म्हणतात, मीही तेच म्हणेन. माझं काम इतकंच, की खोक्यातले गुन्हेगारीपट मूळ सिनेमाशेजारी ठेवून बघायचे, काय ठेवलं आणि काय गाळलं ते लिहायचं, आणि शेवटी एक सिनेमा स्वतः कापून बघायचा.

गुन्हेगारीपटच का? भुताचा सिनेमा दहा मिनिटांत बसतो. भूत दाखवलं, दोन किंकाळ्या ऐकवल्या, झालं. पण खुनाच्या गोष्टीत ‘कोणी’ आणि ‘का’ असतं, आणि हे दोन्ही बहुधा बसून बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून कळतं. कापणाऱ्याची कात्री आधी तिथेच जाणार, असा माझा अंदाज आहे. तो तपासायचा आहे.

२१ जानेवारी

आज फक्त छाननी. प्रत्येक डबा उघडून आधी वास घ्यायचा. लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म (फिल्मची पट्टी ॲसिटेट नाहीतर पॉलिएस्टर या प्लॅस्टिकची असते) कुजायला लागली आहे. याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. तो परतवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येतो. असे तीन डबे निघाले, ते लगेच वेगळ्या खोलीत, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते.

दुसरी चाचणी उजेडाची. रीळ आडवं धरून कडेने दिव्याकडे बघायचं. गुंडाळीतून उजेड झिरपला तर पॉलिएस्टर, काळोख राहिला तर ॲसिटेट. हे कळणं गरजेचं, कारण पॉलिएस्टरला फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावाचा, जोड बसत नाही, टेपच लावावी लागते.

रंगीत प्रती बहुतेक लाल झाल्यात. १९८०च्या आधीच्या बहुतेक रंगीत फिल्ममधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि मागे गुलाबीसर लाल उरतो. ‘फ्रेंच कनेक्शन’ची एक प्रत आहे, तिच्यात हिवाळ्यातलं ब्रुकलिन तांबड्या मातीत लोळून आल्यासारखं दिसतं. कृष्णधवल प्रतींना ही भीती नाही, त्यातला चांदीचा काळा जागच्या जागी असतो. जुने गुन्हेगारीपट जमवण्याचा हा एक निव्वळ व्यवहारी फायदा.

३ फेब्रुवारी

गणित. ते एकदा कळलं की डायजेस्ट तशी का आहे हे अर्धं कळतं.

सुपर ८, कोडॅकने १९६५ मध्ये आणली. एका फुटात ७२ फ्रेम. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे सेकंदाला चार इंच, मिनिटाला २० फूट. दुकानात मुख्य मापं दोन, २०० फूट आणि ४०० फूट. म्हणजे दहा मिनिटं किंवा वीस मिनिटं. मूक प्रत १८ फ्रेमने चालवली तर २०० फुटांत तेरा मिनिटं निघतात. ८३ मिनिटांचा सिनेमा अख्खा हवा असेल तर १६६० फूट. तेवढी फिल्म छापून विकली तर सामान्य गिऱ्हाइकाने किंमत बघूनच डबा परत ठेवला असता. सिनेमाचं माप गोष्टीवरून ठरलेलं नाही, खिशावरून आणि चकतीच्या आकारावरून ठरलेलं आहे.

कॅसल फिल्म्स या व्यवसायातली जुनी मंडळी. युजीन कॅसल यांची कंपनी. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हवाई जहाजाच्या अपघाताची बातमीफिल्म घरगुती गिऱ्हाइकांना विकून त्यांनी सुरुवात केली. पुढे कंपनी युनिव्हर्सलकडे गेली आणि १९७७ मध्ये तिचं नाव युनिव्हर्सल ८ झालं. त्यांच्या जुन्या डब्यांवर ५० फुटांची ‘हेडलाइन’ आवृत्ती आणि २०० फुटांपर्यंतची ‘कम्प्लीट’ आवृत्ती असे दोन प्रकार असत. तासाभराच्या सिनेमाची दहा-बारा मिनिटं, आणि वर छापलेलं ‘संपूर्ण’! विकणाऱ्याचं काळीज असं असावं.

केन फिल्म्स आमच्याच राज्यातली, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथली. ज्या गावात हॉलिवूड जन्मायच्या आधी अमेरिकेचे सिनेमे बनत होते, त्याच गावातून साठ वर्षांनी सिनेमांचे तुकडे डब्यात भरून जात होते. हडसन नदीपलीकडे जाताना त्या गावावरून नेहमी गाडी जाते, पण आजवर मला फक्त पुलाची गर्दी दिसत होती.

१० फेब्रुवारी

प्रोजेक्टरचा बेल्ट चिकट होऊन पुलीला लपेटून बसला होता. ऑनलाइन मागवलेला बेल्ट भलत्याच मापाचा आला, विक्रेत्याचं उत्तर नाही. शेवटी गोल रबरी दोरी मोजून कापली, टोकं गरम करून जोडली. चालतो. वेग किंचित कमी आहे, संगीतात कळतं. तोवर बोलपट बाजूला, मूकपट लावले.

ब्लॅकहॉक फिल्म्सची ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ बघितली. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टची ही कंपनी जुने मूकपट शक्यतो न कापता विकायची, म्हणून जमवणारे तिला मानतात. एडविन पोर्टर यांनी एडिसनच्या कंपनीसाठी १९०३ मध्ये केलेला हा दरोडा जेमतेम बारा मिनिटांचा, कापायची गरजच नाही. यात एक गंमत आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो तो सुटा शॉट सुरुवातीला लावा किंवा शेवटी, तुमची मर्जी, असं एडिसनच्या माहितीपत्रकातच सांगितलं होतं. म्हणजे गुन्हेगारीपटाचा क्रम प्रोजेक्टरवाल्याच्या हातात देण्याची रीत पहिल्यापासूनची. डायजेस्टवाल्यांनी काही पाप केलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज खोक्यातला ऐवज सापडला. कोऱ्या पांढऱ्या डब्यात ४०० फूट, कंपनीचं नाव नाही, पेन्सिलने ‘डी.ओ.ए.’ एवढंच (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे आणला तेव्हाच मेलेला). कृष्णधवल, कडेला चुंबकीय ध्वनिपट्टी.

सिनेमा १९५०चा, दिग्दर्शक रुडॉल्फ माटे, नायक एडमंड ओब्रायन. या सिनेमाच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे तो सगळ्यांचा झाला आणि वाटेल त्याने छापला. कोऱ्या डब्याचं कारण बहुधा तेच.

गोष्ट अशी. फ्रँक बिगेलो नावाचा हिशेबनीस पोलीस ठाण्यात येतो आणि सांगतो, मला खुनाची फिर्याद द्यायची आहे. कोणाचा खून? माझा. सॅन फ्रान्सिस्कोला सुट्टीवर गेलेला असताना बारमध्ये त्याच्या पेयात विष कालवलेलं आहे, हातात जेमतेम दिवस उरलेत, आणि तेवढ्यात खुनी शोधायचाय. मूळ कारण अगदी फालतू आहे. काही महिन्यांपूर्वी त्याने नोटरी म्हणून एका विक्रीपत्रावर सही-शिक्का केला होता. व्यवहार चोरीच्या इरिडियमचा, एका महाग धातूचा होता. ते कागद पुरावा ठरू शकत होते, म्हणून ते नोंदवणारा माणूस नाहीसा करायचा. बिचाऱ्याला तो कागद आठवतही नव्हता.

डायजेस्ट बघितली. कॉरिडॉरमधून पाठमोरा चालणारा बिगेलो आहे. बार आहे. काळोखात नळीतलं विष चमकवून दाखवणारे डॉक्टर आहेत. मार्केट स्ट्रीटवरून तो वेड्यासारखा धावत सुटतो आणि लाइफ मासिकाच्या अंकांनी भरलेल्या स्टॉलपाशी येऊन थांबतो, तेही आहे. मग एकदम नेव्हिल ब्रँड या नटाने केलेला गुंड चेस्टर त्याच्या पोटात गुद्दे मारताना दिसतो. हा चेस्टर कोण, कुठून आला, कोणाचा माणूस, काही नाही. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमधला गोळीबार, पोलीस ठाणं, त्याच्या कागदावर ‘डी.ओ.ए.’, समाप्त.

विक्रीपत्र नाही. इरिडियम नाही. त्याची सेक्रेटरी आणि प्रेयसी पॉला पार गायब. ज्याच्यासाठी ते विक्रीपत्र नोंदवलं आणि ज्याच्या नावामुळे सगळं सुरू होतं तो फिलिप्सही नाही. वीस मिनिटांत एका माणसावर विषप्रयोग होतो, तो कोणालातरी गोळी घालतो आणि मरतो, आणि का ते ना त्याला कळत ना आपल्याला. अंदाज बरोबर निघाला म्हणून खूष व्हायला हवं होतं, पण चिडले. या सिनेमाचा सगळा जीव त्या क्षुल्लक कागदात आहे. मोठ्या वैरासाठी मेला असता तर निदान गोष्ट झाली असती. शिक्का मारला म्हणून मेला, ही खरी भीती आहे, आणि नेमकी तीच गाळली.

एका गोष्टीबद्दल मात्र कापणाऱ्याचे उपकार. मूळ सिनेमात हॉटेलातून बाई गेली की ध्वनिपट्टीवर शीळ वाजते, पुन्हा पुन्हा, अगदी कार्टूनमधल्यासारखी. ती इथे साफ गेली आहे.

२५ फेब्रुवारी

बारच्या प्रसंगात एक जोड आहे. बँड जोरात वाजतोय, बिगेलो बारपाशी वळून कोणाशीतरी बोलतोय, आणि चित्र एकदम उडी मारून पुढे जातं, त्याने ग्लास उचललेला आहे. उडी मारल्यावरही पाऊण सेकंदभर आधीचा सॅक्सोफोन तसाच वाजत राहतो आणि मग तुटतो.

हा पाऊण सेकंद फार बोलका आहे. सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारं हेड चित्राच्या गेटच्या (फिल्म बल्बसमोरून जाते त्या चौकटीच्या) पुढे बसवलेलं असतं. १८ फ्रेम म्हणजे तीन इंच. कारखान्यात निगेटिव्ह कापून मग आवाज चढवला असेल तर चित्र आणि आवाज नीट एकत्र बदलतात. छापून झालेली प्रत कोणी कात्रीने कापली, तर चित्र आधी बदलतं आणि गेलेल्या भागातला आवाज तीन इंच मागे उरतो. म्हणजे हा जोड घरचा. आधीच्या मालकाने केलेला.

भिंगाखाली बघितलं. टेप पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा अडकलेला. जोडाआधीच्या शेवटच्या फ्रेमच्या कडेला तपकिरी फोड. बल्बने भाजलेली फ्रेम असते ती हीच. मूळ सिनेमा शेजारी लावून तोच सॅक्सोफोनचा तुकडा शोधला. मधून पाचेक सेकंदं गेली आहेत, वीस इंच फिल्म. आणि त्यात काय आहे? पाठमोरा माणूस हळूच ग्लास बदलतो, तो शॉट.

असं झालं असणार, की सासरेबुवा पाहुण्यांना सिनेमा दाखवत होते, ‘बघा बघा, इथे बदलतो बघा’ म्हणून त्यांनी नेमक्या त्या जागी प्रोजेक्टर थांबवला, आणि फिल्म जळली. मग जळका तुकडा काढून जोड मारला. अख्ख्या सिनेमातला एकमेव प्रत्यक्ष पुरावा साक्षीदारानेच नष्ट केला. हा जोड मी सोडवणार नाही. टेप फक्त नवीन लावली, त्याच जागी.

९ मार्च

गिरगावच्या सुरेशकाकांशी फोनवर बोलणं झालं. हे सगळं ऐकून म्हणाले, “अगं, एवढं लांब कशाला जातेस? गणपतीत आमच्या गल्लीत सोळा मिलिमीटरचा पडदा लागायचा. पडद्याच्या मागे बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं, डावरा हिरो. तिसरं रीळ लावायच्या आधी ऑपरेटर घड्याळ बघायचा. उशीर झाला असला की रीळ गुल! दोन गाणी आणि हिरॉइनच्या बापाचं मरण, सगळं एकदम जायचं.” प्रेक्षक ओरडत नसत का, विचारलं. “कोण ओरडणार? सगळ्यांनी आधी बघितलेला असायचा.”

हे महत्त्वाचं आहे, नोंदवून ठेवते. डायजेस्ट विकत घेणाऱ्यानेही सिनेमा थिएटरात नाहीतर टीव्हीवर बघितलेला असायचा. गाळलेला भाग तो मनात भरून घ्यायचा. माझ्यासारखं वहीत लिहीत कोणी बघत नव्हतं. तरी विक्रीपत्राचा राग कायम.

२४ मार्च

खोक्यातल्या १६ मिलिमीटरच्या एकुलत्या रिळाचं काय करावं? लेबल नाही, पूर्ण सिनेमाचा मधलाच भाग. कडेवर कोडॅकची चौकोन-त्रिकोणाची खूण आहे. तिच्यावरून फिल्म बनल्याचं वर्ष काढता येतं, पण खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे दोन उत्तरं हाती लागतात.

सुपर ८च्या डायजेस्ट दुकानात रीतसर विकल्या जात, त्यामुळे त्यांच्या मालकीबद्दल प्रश्न नव्हता. १६ आणि ३५ मिलिमीटरच्या पूर्ण सिनेमांचं तसं नव्हतं. त्या प्रती स्टुडिओच्या मानल्या जात, भाड्याने जायच्या आणि परत यायच्या. डिसेंबर १९७४ मध्ये एफबीआयने अभिनेता रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर छापा घालून त्यांचा संग्रह उचलला. खटला झाला नाही, पण जमवणारे चांगलेच हादरले. पडद्यावर गुंड बघायला म्हणून रीळ जमवावं आणि दारात खरे एफबीआयवाले उभे राहावेत! माझं हे अर्धवट रीळ आता एखाद्या फिल्म संग्रहालयाला विचारून तिकडे पाठवीन, माझ्या प्रकल्पात ते बसत नाही.

१३ एप्रिल

स्वतःची कापणी. फिल्मवर नाही, संगणकावर, पण नियम तेव्हाचे. ४०० फूट, एक इंचही जास्त नाही. निवेदक घालायचा नाही. काही कंपन्या घालत, पण तो म्हणजे पळवाट.

कागदावरचं वाटप फुटांत केलं, मिनिटांत नाही. फुटांत केलं की हात आपोआप आखडतो.

कॉरिडॉर ३०. बार ६०. डॉक्टर ६०. धावणं २०. लॉस एंजेलिसमधली चौकशी आणि विक्रीपत्र १००. चेस्टर ६०. ब्रॅडबरी ३०. शेवटचं ठाणं ४०.

शंभर फूट कागदाला! पाच मिनिटं नुसती बोलणारी माणसं. त्या कोऱ्या डब्यातल्या संपादकाने बघितलं असतं तर हसला असता. पण त्याची अडचण आता समजते. इरिडियमची गोष्ट एका जागी नाही. थोडी फिलिप्सच्या बायकोकडे, थोडी त्याच्या भावाकडे, थोडी गुंड मायाककडे, आणि प्रत्येक जण अर्धं खोटं बोलतो. एक बाई काढली की दुसऱ्याचं वाक्य अधांतरी लोंबकळतं. कृती कापणं सोपं, कारण गुद्दा मारायला ओळख लागत नाही. कारण कापायला गेलं की ते एक तर पूर्ण ठेवावं लागतं नाहीतर पूर्ण सोडावं लागतं. त्याने सोडलं. दोन दिवसांत काम उरकायचं असतं तर मीही सोडलं असतं.

पॉलाला ठेवता आलं नाही. वाईट वाटतं. तिच्याशी फोनवर बोलताना बिगेलो खरं सांगत नाही, तो प्रसंग सिनेमातला सर्वात चांगला अभिनय आहे. दोनदा आत घेतला, दोनदा बाहेर काढला. तिच्यासाठी ३५ फूट लागतात, आणि ते फक्त चेस्टरकडून निघू शकतात. चेस्टर काढला तर बघायला येणारी पोरं म्हणणार, मग मारामारी कुठंय?

२७ एप्रिल

नीलेश, मुग्धा आणि त्यांची दोन मोठी पोरं आली होती. आधी कोऱ्या डब्यातली प्रत प्रोजेक्टरवर लावली, भिंतीवर, जेवणं झाल्यावर. मग माझी कापणी त्याच भिंतीवर.

पोरांना प्रोजेक्टरची प्रत आवडली. थोरल्याने विचारलं, “का मारलं पण त्याला?” मी म्हटलं, तेच तर. तो म्हणाला, “मस्त आहे ना, कळतच नाही.” माझी बघताना विक्रीपत्राच्या जागी धाकट्याने मोबाइल काढला. नीलेशला मात्र तीच पटली. तो स्वतः आयकर सल्लागार, दिवसभर लोकांच्या कागदांवर सह्या करतो. विक्रीपत्र आल्यावर तो एकदम सरळ बसला आणि मुग्धाला म्हणाला, “बघ, मी सांगतो तेव्हा तू ऐकत नाहीस.”

पुढचं काम. चेस्टर ६० वरून ३५ फुटांवर आणून उरलेले २५ पॉलाला द्यायचे, फोनचा प्रसंग त्यात बसतो का बघायचं. बेल्ट नवा, योग्य मापाचा, दुसऱ्या विक्रेत्याकडून. आंबलेल्या तीन डब्यांचं स्कॅनिंग उन्हाळा तापायच्या आत, कारण त्यातल्या एकाची फिल्म आता कडेने लाटेसारखी वळायला लागली आहे आणि गेटमधून सपाट जात नाही. त्यानंतर ‘डीटूर’. १९४५चा, मुळातच ६८ मिनिटांचा. त्यात कापायला फारसं काही सापडणार नाही असं वाटतंय.